फ्यूजचा तळहात

फ्यूज कशालाच नाही म्हणायचा नाही. रिहर्सल भल्या सकाळी ठेवू? व्हय. तुझा चहा मी पिऊन टाकू? व्हय. इतका गुणी माणूस आपल्या बँडला मिळाला म्हणून मी चारचौघांत मिरवायचो. गुणी कसला, डोंबल! त्याला आमचं निम्मं ऐकूच येत नव्हतं, आणि ते आम्हाला कळलं नाही.

'बिघाड' हे आमच्या बँडचं नाव. मी ओरडायचो, शाहेद ड्रम बडवायचा, बाकी सगळा आवाज फ्यूजचा. मूळचा देवगाव रंगारीचा. उस्मानपुऱ्यात डीजेचे बॉक्स दुरुस्त करायचा. वरातीत बंद पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं त्या बॉक्सांना टेकून गाडीत बसलेला. खिशात सदा दोन-चार फ्यूज, म्हणून नावही तेच पडलं. जुने रेडिओ आणि पोरांचे खेळण्यातले मोडके पियानो खोलून त्यानं एक वाजवायचं यंत्र जोडलं होतं.

वाजवताना तो डावा तळहात स्पीकरवर टेकवून डोळे मिटायचा आणि आवाज अजून बारीक, अजून धारदार करत न्यायचा. शाहेद त्याचा खांदा हलवून म्हणायचा, "बस कर ना मियाँ." फ्यूजचं उत्तर ठरलेलं, "अजून टोचत नाय." ऐकणारे मात्र त्या टोचण्यावरच फिदा होते. पुण्याच्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं ते त्यामुळेच. मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी खास आम्हाला ऐकायला येणार होती.

आठ दिवस राहिले असताना त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. कान लई वाजतात म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आला होता. डॉक्टर भराभरा बोलले, यानं सवयीनं व्हय व्हय केलं. इंग्रजीशी त्याचं वाकडं, म्हणून मला म्हणाला, "काय लिवलंय, वाच. जोरात."

मी आधी मनातच वाचलं. दोन्ही कान बरेचसे गेलेत, मोठ्या आवाजापासून आजपासूनच लांब राहा, नाहीतर उरलेलंही जाईल, असं साफ लिहिलं होतं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "थोडं जपा म्हणतात. पुण्याचं झालं की बघू."

त्यानं कागद घडी करून परत खिशात ठेवला. माझ्यावर त्याचा फार विश्वास होता.

पुण्यात आम्ही गाजलो. कंपनीनं तिथंच होकार दिला. परतताना मी आणि शाहेद गाडीत नाचत होतो आणि फ्यूज खिडकीच्या काचेवर तळहात टेकवून बसला होता. आठवड्यानं फोन केला, तर तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला. मग गावाकडं निघून गेला.

परवा देवगावला गेलो. अंगणात कांदे निवडत बसला होता. मला बघून हसला, नवीन गाणं म्हण अशी खूण केली, आणि तळहात माझ्या गळ्यावर टेकवून डोळे मिटले. मला गाणं सुचेना. त्या कागदावर काय होतं, मी काय लपवलं आणि का, ते सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता रडू फुटलं. हात तसाच होता.

मी थांबलो तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली.

"व्हय," म्हणाला.