बदलापूरला ऐकलेली ‘रातवा’ची पहिली कॅसेट

‘रातवा’ हा माझा कॉलेजपासूनचा लाडका बँड. त्यांच्या गाजलेल्या अल्बमच्याही आधी ‘पलीकडचा काठ’ नावाची एक कॅसेट निघाली होती, एवढंच ऐकून होते. उल्हासनगरच्या एका दुकानदाराने तिचा फोटो पाठवला आणि रविवारी सकाळी मी आणि बाबा कल्याणहून निघालो. कॅसेट वाजेल अशी जागा आता बाबांच्या जुन्या गाडीतच उरली आहे.

उल्हासनगरात कॅम्प तीनच्या बाजारात गाडी घालू नका. लांब लावा, शेअर रिक्षाने आत जा आणि आधी दाल-पकवान खा. स्वस्तात पोट भरतं. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. म्हाताऱ्या सिंधी काकांनी कॅसेट फडक्याने पुसून हातात ठेवली. पैसे घेईनात.

“ले जा बेटा, सुननेवाला आया तो सही.”

अंबरनाथच्या रस्त्याला लागल्यावर ती लावली. थोडी खरखर, आणि मग एका बाईचा आवाज. ‘रातवा’त बाई? बाबांनी न सांगता वेग कमी केला. हिवाळ्याचं धुकं अजून विरलं नव्हतं. कारखान्यांच्या भिंती, टपऱ्या, झाडं सगळं त्या आवाजात तरंगत मागे जात होतं.

शिवमंदिरापाशी थांबलो. काळ्या दगडातल्या मूर्तींवर ऊन उतरत होतं. मी कॅसेटचं कव्हर निरखलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव होतं: सुनीता. काकांना फोन लावला.

“अरे, वो तो बदलापूर में गाना सिखाती है!” त्यांनी तिला विचारून नंबर दिला.

बदलापूर जवळच, पण ट्रॅफिकसाठी वेळ हाताशी ठेवा. सुनीताताई उल्हास नदीजवळ राहतात. साठीच्या, हसऱ्या.

“माझी कॅसेट पुरात गेली गं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही बँड का सोडलात?”

“मी कुठे सोडला? कंपनीवाले म्हणाले, बाईचा आवाज चालणार नाही. पोरं गप्प बसली.”

त्याच पोरांच्या गाण्यांवर माझी उमेदीची वर्षं गेली होती. “कॅसेट गाडीतच आहे, ऐकता?” मी विचारलं.

त्या गाडीत पुढे बसल्या. बाबांनी कॅसेट लावली. तिसऱ्या गाण्याला त्या हसल्या, “किती घाई करायचे मी!” आणि मग डोळ्यांना पदर लावला.

“बंद करू का?” बाबांनी विचारलं.

“नको हो. आत्ता कुठे ओळख पटतेय.”

निघताना मी कॅसेट त्यांच्या हातात दिली.

“अगं, तू एवढी शोधत आलीस. आणि माझ्याकडे वाजवायला काहीच नाही.”

“मी गाडी घेऊन येत जाईन,” बाबा म्हणाले.

घरी आल्यावर ‘रातवा’चा तो गाजलेला अल्बम लावला. गाणी अजूनही आवडतात. पण आता कडवं संपलं की मी जरा थांबते. वाटतं, आता ती गायला लागेल.