आक्काच्या पायांची तपासणी

रहिमतपूरहून निघालो तेव्हा चक्क ऊन होतं. मी शाळेत पंचवीस वर्षं भूगोल शिकवतो. पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढतो, हे फळ्यावर बाण काढून दाखवतो. तरीही पायांत कापडी बूट घालून निघालो. बायको गमबूट घ्या म्हणत होती. मी तिला ऐकवलं, मी काय चिखल तुडवायला चाललोय? मी मुराळी (सासरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा) म्हणून चाललो होतो. माझं वय बावन्न, आक्काचं अठ्ठावन्न, पण नागपंचमीला तिला आणायला भावानंच जायचं हा आमच्या घरचा नेम.

कराडला एसटी बदलली, शिराळ्यात पुन्हा बदलली. तिथं पंचमीसाठी पाळणे उभे राहत होते. पुढं डोंगर लागले आणि माझे फळ्यावरचे बाण खरे ठरले. एका ओढ्यावर पाणी रस्त्यावर आलं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून तंबाखू काढली, त्यावरून काय ते समजलो. उरलेले दोन कोस चालत गेलो. आक्काच्या वाडीत पोहोचलो तेव्हा बूट मी घातले होते की बुटांनी मला, हे सांगणं अवघड होतं.

घराला कडी. सगळी वाडी रोपलावणीला गेलेली. बाकी शिराळा तालुका भात कोरड्यात पेरून मोकळा होतो; इथं डोंगरालगत मात्र रोपं उपटून चिखलात लावतात, आणि ती पैऱ्यानं (आज सगळ्यांनी मिळून एकाचं रान, उद्या दुसऱ्याचं). पंधरा-वीस बाया पाठीवर प्लास्टिकच्या खोळी घेऊन रांगेनं वाकलेल्या होत्या. पोटरीभर गार पाणी. आक्का मधोमध. मला बघून हसली, पण रांग सोडून आली नाही.

पंचमीला दोन दिवस होते. बसून काय करायचं, म्हणून मी दाजींचे गमबूट चढवून रानात उतरलो. आक्काचे मालक म्हणजे आमचे दाजी, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. बुटाला भोक होतं. आत आलेलं पाणी बाहेर जायला तयार नव्हतं आणि बूट काढला की पुन्हा घालायला दोन माणसं लागत, म्हणून जेवतानाही मी तो काढला नाही. बायांना करमणूक झाली. "मास्तर, रांग धरा नीट. नकाशा काढताय व्हय?" असं एकीनं विचारलं, आणि दोन दिवस मला नकाशा हेच नाव पडलं.

दुसऱ्या संध्याकाळी बूट ओढून काढले, तर आत माझे पाय नव्हतेच. पांढरेफटक, सुरकुतलेले, भिजत घातलेल्या वालासारखे. चिमटा काढला, काही नाही. घाबरून ते चुलीपुढं धरले, तोच दाजींनी मला पाटासकट मागं ओढलं.

"शेकू नगासा. जळंल, आन कळायचं बी न्हाई."

मग काय थाट! दाजींनी बोटांच्या बेचक्या स्वतःच्या पंचानं टिपल्या, पाय उशीवर ठेवले, घोंगडं पांघरलं. शेजारपाजारचे बघून गेले. तासाभरानं पायांत आग पेटली. मी कण्हू लागलो, तर दाजी खूश. म्हणाले, दुखतंय म्हंजे पाय जित्ता हाय. वर बर्फात असताना रोज संध्याकाळी ते तीस जवानांचे पाय तपासायचे. मोजे काढ, बोटं हलव, कोरडं कर. एकाचंही बोट त्यांनी गमावू दिलं नव्हतं.

आक्का माझ्यासाठी चहा करत होती. तिला त्या दिवशी भावाचा उपवास होता. माझ्या आयुष्यासाठी उपाशी राहून ती दिवसभर पाण्यात उभी होती. ती चुलीपासून उठली आणि मला जळाल्याचा वास आला. निखारा बाहेर पडला होता आणि आक्काची टाच त्याच्यावर होती. ती उभीच होती. कपबशी सांभाळत विचारत होती, साखर किती घालू?

मी ओरडून तिला बाजूला केलं. टाचेला कातडं जळून चट्टा पडला होता. बोटं काळीनिळी, बेचक्या सडलेल्या.

"चिखल्या हायत रं त्या," ती म्हणाली. "समद्या बायांस्नी असत्यात."

मला संताप आला. आधी स्वतःचा, कारण दोन दिवस तिच्या शेजारी वाकून मी फक्त माझी रांग बघितली होती. मग दाजींचा.

"दाजी, तीस जवानांचे पाय रोज बघत होता. घरातले दोन कवा बघितले?"

दाजी उठले आणि कंदील घेऊन आक्कापुढं बसले. तिनं पाय लुगड्यात ओढून घेतले.

"आवं, हात लावू नगासा. मला पाप लागंल."

"हात लावत न्हाई. इन्स्पेक्शन हाय," दाजी म्हणाले, आणि तिचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. अंगठ्यापासून एकेक बोट दाबून विचारत गेले, कळतंय का? आक्का प्रत्येक वेळी मान हलवत होती, न्हाई. दुसऱ्या पायाला त्यांनी कंदील माझ्याकडं दिला आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

एवढं होऊनही आक्का माहेरी राहायला तयार नव्हती. पंचमी झाली की परत यायचं, आपलं रान तीन घरांनी लावलंय, आता त्यांच्या रानात तिच्या जागी कोण उभं राहणार?

"मी हुबा ऱ्हातो," दाजी म्हणाले. तिथं गडी चिखलणी करतो, पण रोप लावायला बायांच्या रांगेत वाकत नाही.

पंचमीला सगळी शिवारं रिकामी होती. नागाला लागू नये म्हणून त्या दिवशी कुणी माती हलवत नाही. नागाबद्दल माझी तक्रार नाही. पण बिळातल्या जिवासाठी अख्खं शिवार एक दिवस थांबतं, आणि रांगेतल्या एका बाईच्या पायांसाठी अर्धा दिवस थांबत नाही, हे मी शिराळ्याच्या डॉक्टरांना तावातावानं सांगितलं. त्यांनी शांतपणे मलाच टेबलावर झोपायला सांगितलं, कारण लंगडत मी आलो होतो. आक्का ताठ चालत आली होती. दुखायला आधी कळावं लागतं.

तिचे पाय पाहून मात्र ते गंभीर झाले. गार पाण्यात राहून नसा बधिर झाल्या आहेत, पाय कोरडे ठेवा, जखम जपा. जाणीव परत येईल, पण किती येईल ते आज सांगता येत नाही, म्हणाले.

आता आक्का रहिमतपूरला आमच्याकडं आहे. दाजींचा रोज फोन येतो. कवायत घेणाऱ्या माणसाची रोपांची रांग वाकडी जाते म्हणून बाया त्यांना हसतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्याजणींना बांधावर बसवून पाय कोरडे करायला लावले. दोघी ऐकतात, बाकीच्या पदर तोंडाला लावून घरी जातात. इकडं मी बायकोला मोरीत उभी पाहून पाय दाखव म्हणालो, तर तिनं मला ताप आहे का बघितलं.

आक्काचे पाय मात्र मी रोज तपासतो. बोट दाबायचं, ती मान हलवणार, न्हाई. काल दुपारी मी पेपर वाचत होतो. ती उशीवर पाय ठेवून ओसरीवर पडली होती. अचानक वैतागून म्हणाली, तुमच्या घरात मुंग्या लय झाल्यात रं, एक चावली बग अंगठ्याला.

मी मुंगी शोधून काढली. मारली नाही.