शेवटचा बोल्ट

कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलेल्या टर्नरला निवृत्तीनंतर स्वस्थ बसवत नसे. गाडी जुनी, तोही जुना, आणि दोघांच्याही दुखण्यांवर इलाज घरच्या घरीच व्हायचा. मेकॅनिककडे जाणं त्याला कमीपणाचं वाटे.

बायको गेल्यापासून मात्र गाडी नेमकी तिच्या बसायच्या बाजूनं कुरकुरू लागली होती. मुलीला ते ऐकवेना. "आई कण्हतेय असं वाटतं. बाबा, दुरुस्त करा, नाहीतर विकून टाका." विकायची? बायकोची सीट परक्याला द्यायची कशी?

म्हणून एका दुपारी त्यानं चाक काढलं. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्ममधला रबरी बुश पार फाटला होता. साबणाचं पाणी लावून त्यानं नवा बुश व्हाइसमध्ये दाबून बसवला, चाक चढवलं, गाडी लाकडी ठोकळ्यांवर उतरवली. बुशचा शेवटचा बोल्ट मात्र गाडीत वजन असतानाच आवळायचा, नाहीतर रबराला पीळ बसतो. त्यासाठी तो दर वेळी बायकोला सीटवर बसवायचा. "वजनापुरतीच आठवते का हो मी तुम्हाला?" ती आतून विचारायची. तो खालून म्हणायचा, "हलू नकोस."

आता मुलीला हाक मारावी म्हणून तो वळला, तर त्या बाजूनं गाडी आधीच दोन बोटं खाली बसलेली. टायरमध्ये हवा बरोबर होती, स्प्रिंग धड होती, सीट रिकामी होती.  त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त बरं वाटलं.

तो गाडीखाली सरकला. वर सीट करकरली, ती पाय लांब करायची तेव्हा करकरायची तशी.

"हलू नकोस," तो म्हणाला.

करकर थांबली. त्यानं पाना फिरवला. जरा रेंगाळावं असं फार वाटत होतं, पण हात मुरलेल्या कामगाराचे होते, बोल्ट बसला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडून निघून गेलं, "झालं. उतर आता."

गाडी हळूच दोन बोटं वर आली. दार काही वाजलं नाही.

तो तसाच खाली पडून राहिला. त्याला "बस अजून" म्हणायचं होतं.

गाडी आजही कुरकुरते, पण तो एकटा असला तरच. मुलगी आईच्या सीटवर बसली की चिडीचूप. "बोल्ट सैल करून पुन्हा आवळा की," त्यानं कुरकुरीचं सांगितलं की ती म्हणते. टर्नर मान डोलावतो. तो बोल्ट तिच्या आईच्या वजनाला आवळलेला आहे, आणि त्याला तो कुणाला पाना लावू देत नाही.