चकचकरावांचा शेवटचा हात

चकचकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पस्तीस वर्षं फर्निचरला पॉलिश करण्यात गेलेली; जिच्यावर हात फिरेल त्या वस्तूत तोंड दिसलंच पाहिजे, हा हट्ट. एकदा घराच्या पायऱ्या त्यांनी अशा घासल्या की मेव्हणे वर येता येता पुन्हा खाली गेले आणि वर्षभर आलेच नाहीत.

मुलगी सर्फिंग शिकते, फळीवर उभी राहून लाटांवरून येते, हे कळल्यावर ते आठवडाभर बोलेनात. नंतर बोलायचे थांबेनात. मुलीनं दुकानातल्या एका प्लायवर खडूनं शब्द लिहून दिले होते. लाइनअप म्हणजे लाटेची वाट बघत बसायची जागा. लिप म्हणजे लाटेचा वळणारा काठ. लीश म्हणजे पायाला बांधलेली बोर्डाची दोरी. वाइपआउट म्हणजे सपशेल आपटणं. खुर्चीचा पाय घेऊन आलेलं गिऱ्हाईक लाटेचा लिप समजून घेतल्याशिवाय सुटत नसे. स्वतः चकचकराव घोट्याच्या वर कधी भिजले नव्हते.

सर्फिंग शिकवणाऱ्यांच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी मुलगी बाहेर गेली होती. पास झाली तर किनाऱ्यावरच्या सर्फिंगच्या शाळेत शिकवायची नोकरी पक्की होती. चकचकरावांनी सहज तिच्या बोर्डाचं कव्हर उघडलं. बोर्डाच्या वरच्या अंगाला चिकट, पांढुरके गोळे, त्यात वाळू. लेकीचा बोर्ड आणि ही कळा? पत्र्याच्या पट्टीनं त्यांनी सगळं खरवडलं, रॉकेलचा बोळा फिरवला आणि पॉलिशचे तीन हात दिले. तोंड दिसू लागलं. कव्हर पुन्हा चढवताना त्यांना भरून आलं.

सकाळी किनाऱ्यावर बायकोशेजारी बसून, पलीकडच्या छत्रीखालच्या अनोळखी गृहस्थांना ते शिकवत होते. "पाच लाटा मिळतात. त्यातल्या तीनवर उभं राहिलं की पास. बोर्ड कसा आहे यावर सगळं असतं हो."

मुलीचा नंबर लवकर लागला. तिनं घाईघाईत कव्हर काढलं, बोर्डावर हात ठेवला आणि वळून किनाऱ्याकडे पाहिलं. चकचकरावांनी अंगठा वर केला.

पहिल्या लाटेला ती उठली, पाय सटकन पुढे गेले, पाठ पाण्यात. दुसऱ्या लाटेलाही तेच, फक्त जास्त आवाज करत.

मागे कोणीतरी म्हणालं, "बोर्डावर मेण लावायचं विसरली वाटतं. पाय टिकायला मेणच लागतं."

चकचकरावांच्या कानांतून वाफ निघाली. खडूनं लिहिलेले सगळे शब्द पाठ, आणि ते गोळे कशाचे, एवढं विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

छत्रीखालचे गृहस्थ हसू आवरत म्हणाले, "कोण हो ही? तुमच्या ओळखीची?"

"नाही," चकचकराव म्हणाले. "कोणाची आहे कोण जाणे."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं त्यांना पुष्कळ ऐकवलं होतं. आता तिनं फक्त चटईवरची आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

चकचकराव उठले. परीक्षा घेणाऱ्या बाईंपर्यंतची पन्नास पावलं वाळूत पाचशे झाली.

"बाई, तो बोर्ड मी पुसला. मेण काढलं, वर पॉलिश केलं. माझी मुलगी आहे ती. तिची काही चूक नाही."

"पॉलिश?" बाईंनी चष्मा वर केला. "कशाला?"

"चमकायला."

बाईंनी शिट्टी वाजवून मुलीला बाहेर बोलावलं. "पडलेल्या लाटा परत मिळणार नाहीत. तीन उरल्यात. दोन मिनिटांत मेण लाव."

मेणाची वडी मुलीनं बाबांच्याच हातात दिली. "गोल गोल फिरवा. गुळगुळीत करू नका."

"तू सांगितलं का नाहीस बाईंना?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू? बाबांनी आरसा केला म्हणून?"

गुडघ्यांवर बसून चकचकरावांनी आपल्या हातानं आपलंच काम खरखरीत केलं. हात सारखा गुळगुळीतपणाकडे वळत होता.

तिसऱ्या लाटेवर ती उभी राहिली. चौथीवर थेट फेसापर्यंत आली. पाचवीला मध्येच आपटली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

"पाचवीला माझाच तोल गेला," मुलगी केस पिळत म्हणाली. "पॉलिशचा काही संबंध नाही."

ती खोटं बोलत होती की नाही, हे ओळखण्याइतकं चकचकरावांना सर्फिंग येत नव्हतं. तिनं बोर्ड उचलला. त्यांनी दुसरं टोक धरलं, मेणाच्या बाजूला हात न लावता.

छत्रीपाशी ते थांबले. गृहस्थ वर बघू लागले.

"मघाशी तुम्ही विचारलंत ना," चकचकराव वाळूकडे बघत म्हणाले, "ही माझी मुलगी. आणि तिला पाडलं ते मी."

बायकोनं पिशवी पुन्हा अलीकडे घेतली. दुकानातला खडूच्या शब्दांचा प्लाय मात्र चकचकरावांनी त्याच दुपारी भिंतीकडे तोंड करून ठेवला.