तिनं गाणं लपवलं तेव्हा

डोंबिवलीतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच मित्र जमायचो. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळे कधी ना कधी थोडंफार शास्त्रीय संगीत शिकलेले. मी आठ वर्षं गाणं शिकलो. नोकरीत ते सुटलं, पण आपल्याला गाण्यातलं कळतं ही समजूत काही सुटली नाही. जुनी रेकॉर्डिंग्ज लावायची, डोळे मिटून ऐकायची आणि मधून मधून हल्लीच्या गाण्यांबद्दल नाक मुरडायचं, असं आमचं चालायचं. पोहे आणि चहा बायको करायची. ती कल्याणच्या एका हॉस्पिटलात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. रविवार हा तिचाही सुट्टीचा दिवस आहे, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

एका रविवारी ख्याल ऐन रंगात आला असताना स्पीकरमधून अचानक सिनेमाचं गाणं सुरू झालं. रिक्षात, लग्नात, मॉलमध्ये, जिथे तिथे वाजणाऱ्या एका गायकाचं. स्वयंपाकघरात तिनं मोबाइलवर लावलेलं, ते ब्लूटूथमुळे बाहेर आलं. मित्र हसले. मी मान हलवत म्हणालो, “काय करणार, आमच्या घरातले अर्धे कान अजून अडाणी आहेत.”

ती पोह्यांच्या डिश घेऊन दारातच उभी होती. तिनं डिश टेबलावर ठेवल्या, “सॉरी हं, बंद करते,” म्हणाली आणि आत गेली. मला माझं वाक्य फार आवडलं होतं. पुढे दोन-तीन ठिकाणी मी ते सांगितलंही.

त्यानंतर घरात तिचं गाणं वाजलं नाही. भाजी चिरताना ती गुणगुणायची, तेही थांबलं. ते थांबलंय हे माझ्या लक्षात आलं नाही. घर शांत असतं हल्ली, एवढंच जाणवायचं आणि बरं वाटायचं.

वर्षभरानं एका शनिवारी मी कल्याणला गाण्याच्या एका बैठकीला गेलो. गायिकेचा घसा बसला म्हणून कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. सहा वाजलेले. बायको सकाळी म्हणाली होती, आज दुपारची ड्युटी आहे, यायला उशीर होईल. हॉस्पिटल जवळच होतं. म्हटलं, खाली बोलावून चहा घेऊ. लॅबच्या खिडकीपाशी बसलेली मुलगी म्हणाली, “मॅडमची आज रजा आहे. त्यांनी केव्हाच टाकून ठेवलेली.”

इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. रस्त्यावर येऊन फोन लावला.

“ड्युटीवर आहे रे,” ती ओरडूनच बोलली. “नंतर करते.”

तिच्या मागे हजारो माणसं एका सुरात गात होती. ते त्या रविवारचंच गाणं आहे हे मला पहिल्या दोन शब्दांतच कळलं. कारण शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की काचा वर करून मी तेच गाणं मोठ्यानं म्हणायचो. गेली दोन वर्षं म्हणत होतो. “काही नाही, सहज केला,” असं म्हणून मी फोन ठेवला आणि तिथेच फुटपाथवर उभा राहिलो.

ती रात्री उशिरा घरी आली. सकाळी, मित्र यायच्या आधी, चहा ओतताना तिच्या मनगटावर कागदी पट्टी दिसली, कार्यक्रमाच्या गेटवर बांधतात तसली. काढायची राहून गेली होती.

“चांगला झाला का?” मी विचारलं.

तिनं पट्टीकडे पाहिलं. “हो. ठाण्यात, बाळकुमच्या मैदानात होता. लॅबमधल्या आम्ही चौघी गेलेलो.”

“सांगितलं असतंस तर मी काय अडवलं असतं?”

“अडवलं नसतंस. मान हलवली असतीस. मग तिथे गेल्यावरही मला तेच दिसत राहिलं असतं.”

ती रागावलेली नव्हती, म्हणून ऐकणं जास्त जड गेलं. मी म्हणालो, “काल फोनवर मागे चाललेलं ते गाणं मला येतं. दोन्ही कडवी.”

“कधीपासून?”

“त्या रविवारच्याही आधीपासून.”

“मग तसं का बोललास?”

“मित्र होते ना,” मी म्हणालो. बोलल्यावर ते कारण किती हलकं आहे ते मलाच ऐकू आलं. ती कप उचलून आत गेली.

पुढच्या रविवारी मी मित्रांना सांगायचं ठरवलं आणि सांगितलंही, की ते गाणं मला आवडतं. एक जण म्हणाला, “चालायचंच, टाइमपास म्हणून आपणही ऐकतो की.” टाइमपास म्हणून नाही, खरंच आवडतं, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. मी “हो ना” म्हणालो.

त्याच गायकाचा पुढच्या वर्षी ठाण्यात पुन्हा कार्यक्रम होता. “मी येऊ?” असं मी विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, “यावेळी नको. मैत्रिणी आहेत. सोडायला ये हवं तर.”

तिला गेटवर सोडून मी मैदानाच्या भिंतीपाशी थांबलो. मुलांना सोडायला आलेले काही बाप तिथे चहा पीत होते. आतून एकेक गाणं स्वच्छ ऐकू येत होतं. मला येणारं गाणं सुरू झालं तेव्हा मी ते म्हटलं. शेजारचा माणूस वळून बघायला लागला, तरी आवाज खाली घेतला नाही.

ती बाहेर आली ती घसा बसवूनच. गाडीत बसताना म्हणाली, “तिसऱ्या गाण्यात वर जाताना त्याचा सूर जरा उतरला, नाही का?”

मी “हो” म्हणणार होतो. मग म्हणालो, “मला नाही कळलं.”

“अरे, अंतऱ्यात,” ती म्हणाली आणि ती जागा बसक्या आवाजात मला गाऊन दाखवू लागली.