अप्पांनी गेटसमोरच गाडी खोलली

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही तिघं प्रदर्शनाच्या गेटसमोर उभे होतो... मी, माझे वडील अप्पा आणि हुपरीचे दस्तगीरचाचा. कोल्हापूर, चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा सुमार. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

आणि सोबत आमची गाडी. दोन सीटची, बुटकी, लालभडक, वर टप नसलेली स्पोर्ट्स कार! आरटीओचा नंबर नव्हता, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली होती.

अप्पा उद्यमनगरात लेथवर काम करायचे. शिक्षण चौथी. एकदा रद्दीत त्यांना इंग्रजी मासिकाचं एक फाटकं पान सापडलं आणि ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. अमेरिकेतल्या एका माणसाची हकीकत होती. आधी शर्यतीत गाड्या पळवायचा, मग तब्येतीमुळे ते बंद झालं... तर या बाबानं एका शेडमध्ये स्वतःच स्पोर्ट्स कार बांधायला घेतल्या, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या मागे टाकल्या.

नाव फाटलेल्या भागात गेलं होतं. अप्पा त्याला 'अमेरिकेचं पावणं' म्हणायचे.

"शेडातच केली न्हवं त्यानं? मग शेड आपल्याकडं बी हाय की," एवढंच बोलले आणि कामाला लागले.

तीन वर्षं गेली. मोडीत निघालेल्या टॅक्सीचं इंजिन आणलं, त्याचे फुटके भाग गावातल्याच भट्टीत नव्यानं ओतून घेतले, पाइप वेल्ड करून सांगाडा केला. दस्तगीरचाचा पूर्वी चांदीचे पैंजण घडवायचे, नंतर ट्रकचा पत्रा ठोकायला लागले. त्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी साच्यावर ठोकून ठोकून असा काही गोल केला, की हात फिरवत बसावं.

वायरिंग माझं. गल्लीतले म्हणायचे, पोरीच्या हातात लाटणं द्यायचं सोडून पाना दिलाय मिस्त्रीनं. अप्पा ऐकायचे आणि मला पुढचा पाना द्यायचे...

तर त्या दिवशी. प्रदर्शन कोल्हापुरात तयार होणाऱ्या यंत्रांचं होतं, आमचं नाव यादीत होतं. पण संयोजकांपैकी सफारी घातलेले एक साहेब गेटवर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि हसले.

"मिस्त्री, ही कुठल्या तरी संस्थानिकाची जुनी गाडी रंगवून आणलीत तुम्ही. असल्या गाड्या अमेरिकेत बनतात. इथं नाही."

"अमेरिकेत बी माणसंच बनवत्यात की, सायेब."

साहेबांनी गेट लावायला सांगितलं. माझे डोळे भरून आले. राग होता की लाज, आजही सांगता येणार नाही.

अप्पांनी बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "सुमे, पाना दे."

आणि त्यांनी तिथेच, गेटसमोरच्या मैदानात, गाडी खोलायला घेतली!

साहेब ओरडले, "अहो, काय करताय?"

"खोलून दावतो. भाईरची आसंल तर आत शिक्का घावंल की तुमास्नी."

बॉनेट निघालं. सीट, चाकं, दारं निघाली. ताडपत्रीवर एकेक भाग मांडत गेलो. ट्रॉलीतून तिपाई आणि चेनपुली आणून इंजिनसुद्धा बाहेर काढलं. प्रदर्शन बघायला आलेली माणसं आत जायची सोडून आमच्याभोवती जमली.

लोक विचारत होते आणि अप्पांचे दोन्ही हात कामात होते. मग मीच सांगायला लागले. हे काय, कुठून आणलं, कसं केलं... सुरुवातीला आवाज कापत होता. नंतर नंतर मागच्या माणसालाही ऐकू जाईल एवढा चढला.

गर्दीतून एक म्हातारे पुढे आले. इंजिनवरचा हवा-पेट्रोल आत नेणारा ओतीव नळा त्यांनी उचलला, उलटा केला, आणि मोठ्यानं म्हणाले, "अरं, ह्यो तर आमच्या भट्टीतला! मीच ओतलाय की ह्यो!"

मैदानात जो काही हशा पिकला आणि टाळ्या पडल्या... साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण अप्पांचं काम संपलं नव्हतं. खोललेली गाडी जोडायची होती. दुपारी अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी घेऊन आली. आम्ही ताडपत्रीच्या कडेला बसून खाल्ली आणि परत उठलो. पाच वाजेपर्यंत शेवटचा नट आवळला.

पहिल्यांदा चालू झाली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा असा आवाज घुमला, की पुढची माणसं दोन पावलं मागे सरली.

अप्पांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. चाचा शेजारी. मी मैदानाला पूर्ण चक्कर मारली. लोक रस्ता देत होते आणि चाचा लहान मुलासारखे ओरडत होते.

तेवढ्यात साहेब स्वतः गेट उघडून आले. हातात प्रदर्शनाचं प्रमाणपत्र होतं. अप्पांनी ते मला वाचायला दिलं. त्यावर अप्पांचं नाव, आणि पुढे 'व सहकारी'.

"सहकारी म्हंजे कोण, सायेब? ह्या दोघास्नी नावं हाईत की."

साहेब म्हणाले, "या चाचांचं घालतो हवं तर. पण पोरीचं नाव कशाला?"

अप्पांनी कागदाची नीट घडी घातली आणि साहेबांच्या खिशात ठेवली. "मग ऱ्हाऊ द्या." आणि ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.

त्या गाडीला नंबर कधीच मिळाला नाही. ती आमच्या शेडच्या आवारातच फिरली, पुढे तिचे भाग दुसऱ्या यंत्रांना लागले. अप्पांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

लोक विचारतात, एवढं करून त्यांना मिळालं काय? काही नाही... माझं नाव नसलेला कागद त्यांनी घरी आणला नाही. मला आयुष्यभर तेवढं पुरलं.