बांधाला खांड पडली तेव्हा

आमच्या खाडीकाठच्या गावात लग्नाचे पंचांगाआधी कणगा ठरवीत असे. कणगा म्हणजे बांबूच्या विणीचे, शेणाने सारवलेले भाताचे कोठार. मुलीचा बाप येऊन त्यावर थाप मारी, आवाज ऐके, आणि मगच सुपारी फुटे. भात पिकले की वर्ष-दोन वर्षांत घरोघरी पाळणे हलत. बुडाले की पोरी माहेरीच राहत आणि पाळणे माळ्यावर.

१९३०च्या आगेमागे एका उधाणात खाडीच्या बांधाला खांड पडली व खारे पाणी शेतांत शिरले. रीतीप्रमाणे घरटी एक माणूस माती टाकायला निघाला. मी अडवले. बांध राखणे हे जमीनमालकाचे काम, असे आम्हा कुळांच्या कबुलायतीत, म्हणजे खंडाच्या करारात, स्वच्छ लिहिले होते. आपण हात लावला तर हक्क कायमचा बुडेल, असे बजावून मी सरकारी कचेरीत अर्ज धाडला. गावाने माझे ऐकले.

त्याच हिवाळ्यात डोंगराकडच्या, नाचणीवर दिवस काढणाऱ्या गावातले एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी आमच्याकडे आले. तिला मी हरिहरेश्वरी पाहिले होते. प्रदक्षिणेच्या खडकांवर ओहोटीसाठी खोळंबलो असता ती म्हणाली होती, "लाटेकडं बघा, मानसं काय बघताय!"

गृहस्थांनी थाप मारली. "भरलाय की वो कणगा!"

"वर हातभर भात आहे. खाली पेंढा," मी म्हणालो. चुलत्यांनी मला चिमटा काढला. पेंढा त्यांनीच भरला होता.

पाहुणे हसले. "खरं बोल्लास, बाबा. पन खऱ्याची पेज होत न्हाय. दोन वर्सं थांबतो. तेवढ्यात बांध बांधा."

मी अर्ज लिहीत राहिलो. कचेरीचे उत्तर येई : प्रकरण विचाराधीन आहे. कोणाच्या आणि कुठवर, हे लिहिण्याइतकी लाज त्या निर्लज्ज कारकुनांपैकी एकालाही नव्हती! खांड रुंदावत गेली. त्या दोन वर्षांत गावात एकही मांडव उभा राहिला नाही.

तिसऱ्या वर्षी लोक मला न विचारता बांधावर गेले. महिन्याभरात खांड बुजली. तोवर डोंगराकडच्या त्या मुलीला मुरुडकडच्या एका भाताच्या घरी दिली होती.

पावसाने मीठ धुऊन नेले, शेते पुन्हा पिकली, बारशांमागून बारशी झाली. कायद्याने मी बरोबर होतो, आजही आहे. मात्र मुरुडकडचे कोणी भेटले की मी थांबवतो आणि यंदा भात कसे आले, ते विचारतो. त्यापुढे विचारण्याचा मला अधिकार नाही.